सूतकताई-विणकामाच्या प्रदर्शनात हात लावू द्यावा का, आणि कार्यशाळेत काय शिकवावे?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात तो मला केवळ मांडणीचा वाटला होता. तो थोडक्यात असा आहे : आपल्या गटात चौदा जण आहेत, कोणी टकळीवर सूत कातते, कोणी लहान मागावर विणते, कोणी लोकरीचे विणकाम, क्रोशाकाम, भरतकाम किंवा नमद्याचे (लोकर न विणता, ओली करून घासून घट्ट केलेल्या कापडाचे) काम करते. मागच्या वेळी आपण तीन दिवसांचे प्रदर्शन भरवले आणि त्यातच दोन तासांची एक कार्यशाळा ठेवली. लोक आले, त्यांनी कौतुक केले, छायाचित्रे काढली आणि ते निघून गेले. दोन खिळ्यांवर अडकवलेली एक विणलेली शाल येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हाताळल्यामुळे ओढली गेली आणि मळली. कार्यशाळेला वीस जण बसले, त्यांपैकी तिघांचीच वस्तू पूर्ण झाली, आणि त्या विसांतले कोणीही नंतर गटाकडे फिरकले नाही. आता पुढच्या प्रदर्शनासाठी ‘हात लावू नये’ अशा पाट्या लावाव्यात का, कार्यशाळेसाठी याहून सोपी वस्तू कोणती घ्यावी आणि कापड टांगावे कसे, असे आपण विचारले आहे.

हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत असे मला वाटत नाही. शाल मळली आणि माणसे परतली नाहीत, या दोन्हींचे मूळ एकाच जागी आहे. आपली कला मुळात हाताच्या हालचालीत असते. परंतु आपण प्रदर्शनात तयार वस्तू दाखवतो आणि कार्यशाळेतही लोकांकडून तयार वस्तूच मागतो, त्यामुळे मधली हालचाल त्यांना कुठेच भेटत नाही. प्रदर्शनात तिचा शोध घेणारा माणूस शालीला हात घालतो, आणि कार्यशाळेत वस्तू पुरी करण्याच्या घाईत त्याच हालचालीकडे त्याचे दुर्लक्ष होते. युनेस्कोच्या २००३ सालच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या करारात ज्या पाच क्षेत्रांचा उल्लेख आहे त्यांत पारंपरिक कारागिरी हे एक क्षेत्र आहे, आणि तेथेही वारशाचे रक्षण म्हणताना ज्ञान आणि कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे सोपवणे अभिप्रेत आहे. वस्तू कपाटात जपता येते. कौशल्य जपायचे तर ते दुसऱ्याच्या हातात उतरावे लागते. त्यामुळे प्रदर्शन आणि कार्यशाळा यांची आखणी एकत्र करावी आणि त्या आखणीच्या मध्यभागी हात ठेवावा, हे माझ्या उत्तराचे सार आहे.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, हे आधीच सांगितलेले बरे. मांडलेल्या वस्तू गटाने अलीकडे केलेल्या आहेत की कोणाच्या घरातल्या तीन पिढ्यांपूर्वीच्या आहेत, दालनात सतत लक्ष ठेवायला दोन माणसे असतील का, येणाऱ्यांत लहान मुले किती असतील, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि भिंतीत खिळा मारण्याची मुभा आहे का, यांवर निर्णय बदलतील. जुन्या, झिजलेल्या वस्त्राला मी कोणत्याही परिस्थितीत हात लावू देत नाही. खाली लिहिले आहे ते गटाच्या स्वतःच्या, चांगल्या स्थितीतल्या कामाविषयी आहे.

आता पाटीविषयी. गेली वीसहून अधिक वर्षे अशा दालनांत उभे राहून मी पाहत आले आहे की कापडाला हात लावणारा माणूस बेशिस्त असतोच असे नाही. कापड कसे आहे हे मनुष्य लहानपणापासून बोटांनीच ओळखत आलेला असतो. पोत, जाडी, ऊब, पीळ यांपैकी जवळजवळ काहीच डोळ्यांना पुरते कळत नाही. पाटी लावली की हात थांबतात, पण त्यांच्याबरोबर कुतूहलही थांबते. हात मोकळे सोडले तर दुसरे नुकसान होते : बोटांवरचे तेल आणि घाम तंतूंत मुरतात, अंगठीत टाका अडकून धागा ओढला जातो, आणि फिकट रंगाच्या कापडावर दुसऱ्या दिवशीच धरण्याच्या जागा दिसू लागतात. म्हणून मी पाहण्याच्या वस्तू आणि हाताळण्याच्या वस्तू वेगळ्या करते. प्रत्येक महत्त्वाच्या कामाशेजारी, त्याच धाग्याचा आणि त्याच पद्धतीने केलेला तळहाताएवढा नमुना दोरीने टेबलाला बांधून ठेवते. आम्ही त्याला स्पर्शनमुना म्हणतो.

स्पर्शनमुना एकटा ठेवू नये, ही यातली कळीची गोष्ट आहे. शालीशेजारी तिच्या विणीचा तुकडा ठेवला तर लोक त्याला एकदा चाचपतात आणि पुढे जातात. त्याच तुकड्याच्या आधी न पिंजलेल्या लोकरीचा झुपका, मग पिंजून केलेला पेळू, मग एकपदरी सूत, मग दुपदरी सूत आणि शेवटी वीण, असे पाच टप्पे ओळीने ठेवले की माणूस थबकतो. तो पेळू ओढून पाहतो, एकपदरी सुताचा पीळ उलगडतो, आणि मग मान वर करून शालीकडे पाहतो तेव्हा त्याची नजर बदललेली असते. या टेबलापाशी लोक किती वेळ थांबतात हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे. दिवसाच्या शेवटी झुपका आणि पेळू संपलेले असतात, ते नव्याने भरावे लागतात. तेवढी लोकर हिशेबात आधीच धरावी. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते अशा प्रेक्षकांसाठी तर हे टेबलच खरे प्रदर्शन असते, म्हणून ते दाराजवळ आणि बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर असावे. ही सोय केल्यावर मोठ्या वस्तूंशेजारी एखादे सौम्य वाक्य पुरते, जसे ‘हाताळण्यासाठी नमुना टेबलावर आहे’. दरडावणाऱ्या पाटीची गरज मला क्वचितच भासली.

याच्याच जोडीने दुसरी गोष्ट करावी : कामाची उलटी बाजू आणि अपुरे काम दाखवावे. भरतकामाची पाठ पाहिली की धागा कुठून कुठे गेला, गाठ मारली की टाक्यांखाली दाबला, हे समजते, आणि ते न समजता समोरची बाजू पाहणे म्हणजे नुसते चित्र पाहणे होय. एक माग अर्धवट विणलेल्या स्थितीत ठेवावा, ताणा (लांबीचे ताणलेले धागे) लावलेला, धोटा (आडवा धागा नेणारे साधन) मध्येच थांबलेला. कापड भिंतीला चिकटवण्याऐवजी दालनाच्या मध्ये टांगता आले तर लोक त्याभोवती फिरतात आणि दोन्ही बाजू आपोआप पाहतात. पोलिश शिल्पकार माग्दालेना अबाकानोविच यांनी १९६० च्या दशकात सिसलच्या (घायपातीच्या जातीच्या वनस्पतीच्या) तंतूंच्या प्रचंड आकृती भिंतीपासून सोडवून अवकाशात टांगल्या, तेव्हा विणलेल्या वस्तूकडे पाहण्याची सवयच बदलली होती. आपल्याला तेवढे भव्य काही करायचे नाही, पण छतावरून सोडलेल्या दोन दोऱ्यांनीही तोच परिणाम लहान प्रमाणात साधतो.

टांगण्याविषयी आपण तपशील विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आपली शाल हाताळल्यामुळे जितकी ओढली गेली, तितकीच ती टांगल्यामुळे ओढली गेली असावी. विणकामाच्या सुयांवर किंवा क्रोशाच्या सुईने केलेली वस्तू ही एकमेकांत अडकलेल्या फाशांची असते. तिच्यावर भार आला की प्रत्येक फासा शेजारच्याकडून थोडा धागा घेतो आणि वस्तू स्वतःच्याच वजनाने लांबत जाते. त्यामुळे अशी वस्तू दोन टोकांवर कधीही टांगू नये. ती तिरप्या फळीवर पसरावी किंवा कापूस भरलेल्या जाड नळकांड्यावर टाकावी. मागावर विणलेले कापड टांगता येते, कारण तेथे ताण्याचे आणि बाण्याचे (आडवे) धागे एकमेकांना धरून ठेवतात. मात्र भार शक्यतो ताण्याच्या दिशेने यावा. युरोपातली जुनी भित्तिवस्त्रे बहुधा आडवी विणली जात, म्हणजे टांगल्यावर त्यांचा ताणा जमिनीला समांतर येई आणि सगळे वजन बाण्यावर पडे. दोन रंगांच्या मधल्या फटी त्यामुळे कालांतराने उसवतात आणि त्या पुन्हा शिवाव्या लागतात. आपल्या गटातले कोणी तशा पद्धतीने विणत असेल तर ही फट आधीच बारीक टाक्यांनी बंद करावी.

हलक्या आणि मध्यम वजनाच्या कापडासाठी सर्वांत भरवशाची रीत म्हणजे नेफा. सुती कापडाची पट्टी वस्तूच्या पाठीमागे वरच्या कडेला पूर्ण रुंदीभर हाताने शिवावी आणि तिच्यात दांडी सरकवावी. शिवताना नेफ्याची बाहेरची बाजू थोडी सैल ठेवावी, म्हणजे दांडीची जाडी पाठीमागे सामावते आणि पुढे फुगवटा दिसत नाही. जड वस्तूसाठी वेल्क्रो वापरतात : मऊ पट्टी आधी सुती फितीवर यंत्राने शिवायची, ती फीत वस्तूच्या पाठीला हाताने शिवायची, आणि खरखरीत पट्टी भिंतीवरच्या लाकडी पट्टीला ठोकायची. खरखरीत बाजू वस्तूला कधी लावू नये; घडी घालताना ती स्वतःच्याच वस्तूचे धागे उपसते. टाचण्या वापरायच्याच असतील तर गंज न चढणाऱ्या घ्याव्यात. चिकटपट्टी मात्र कशालाही लावू नये.

प्रकाशाबद्दल फार काळजी करू नये, पण बेफिकीरही राहू नये. संग्रहालये कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासच प्रकाश ठेवतात, कारण प्रकाशाने झालेली हानी साचत जाते आणि भरून येत नाही. तीन दिवसांच्या प्रदर्शनात घरगुती दिव्याने काही बिघडत नाही. थेट ऊन मात्र तीन दिवसांतही आपले काम करते, विशेषतः हळदीसारख्या कच्च्या रंगावर. खिडकीसमोरची जागा न रंगवलेल्या सुताला द्यावी.

एका गोष्टीकडे नवे गट हमखास दुर्लक्ष करतात, ती म्हणजे कसर. चौदा घरांतली लोकर एका खोलीत येते, तेव्हा एका घरातली अळी इतर तेरा घरांत जाण्याची ती उत्तम संधी असते. कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी लोकर, पिसे, केस यांतल्या केराटिन या प्रथिनावर जगते; उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, त्यामुळे तो मारून समाधान मानू नये. सुती कापडाला ती सहसा शिवत नाही, पण घामाचे किंवा अन्नाचे डाग असतील तर तेही कुरतडले जाऊ शकते. आमच्या गटात प्रत्येक लोकरीची वस्तू प्रदर्शनापूर्वी हवा काढलेल्या, तोंड बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ ते २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे शीतपेटीत ठेवण्याचा नियम आहे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही. नाहीतर हवेतली वाफ थंड कापडावर जमते आणि ते ओलसर होते. मणी, लाकूड, चामडे किंवा चित्रकाम असलेल्या वस्तूंना हा उपाय करू नये; त्या नीट तपासून वेगळ्या ठेवाव्यात.

आता कार्यशाळेकडे वळते, कारण माझ्या मते आपली खरी अडचण तेथे आहे. आपण ‘सोपी वस्तू’ मागत आहात. मी स्वतः अनेक वर्षे हीच चूक केली : बुकमार्क, फूल, छोटी पिशवी, असे काहीतरी दोन तासांत हातात पडावे अशी धडपड असे. परिणाम आपल्यासारखाच झाला. ज्याची वस्तू पूर्ण झाली तो समाधानाने गेला आणि त्याच्या लेखी विषय संपला. ज्याची झाली नाही तो ओशाळून गेला आणि त्याच्याही लेखी विषय संपला. शिवाय घाईत असलेल्या माणसाच्या हातातून काम काढून घेऊन शिकवणाराच चार ओळी विणून देतो, आणि मग त्या वस्तूत शिकणाऱ्याचे काहीच उरत नाही. म्हणून मी वस्तू सोडली आणि प्रत्येक कार्यशाळेसाठी एकच हालचाल निवडू लागले.

सूतकताईचे उदाहरण घेते. पूर्वी मी पहिल्याच मिनिटाला हातात टकळी देत असे आणि खोलीभर टकळ्या पडल्याचे आवाज येत. आता पहिली वीस-पंचवीस मिनिटे कोणतेही साधन नसते. प्रत्येकाला लोकरीचा पेळू देते आणि त्यातून चिमूटभर लोकर हळूहळू ओढायला सांगते. दोन हात फार जवळ असतील तर पेळू हलतच नाही, कारण एकच तंतू दोन्ही मुठींत धरलेला असतो. हात एका तंतूच्या लांबीहून थोडे अधिक दूर नेले की तंतू एकमेकांवरून अलगद घसरू लागतात. ही घसरण ज्या क्षणी बोटांना कळते त्या क्षणी निम्मी सूतकताई आली. मग ओढलेला भाग बोटांनी पिळायचा, सोडून द्यायचा आणि तो उलगडताना पाहायचा. पुन्हा पिळायचा, या वेळी मधोमध दुमडायचा. दोन पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले जातात आणि सोडले तरी उलगडत नाहीत. मोठी माणसेही येथे हसतात. धागा टिकतो तो विरुद्ध पिळांच्या समतोलावर, हे त्यांना मी सांगितलेले नसते, त्यांच्या बोटांनी शोधलेले असते. त्यानंतर टकळी दिली तर ती काय करते हे समजावून सांगावे लागत नाही. नवशिक्यांना कापूस मात्र देऊ नये. त्याचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटरांचा, लोकरीच्या मानाने फारच आखूड, आणि चूक सुधारायला बोटांना वेळच मिळत नाही. कापूस कातायचाच असेल तर टकळी अधांतरी न सोडता तिचे टोक वाटीत टेकवून फिरवावी.

विणण्याची कार्यशाळा असेल तर ताणा आधी लावून ठेवावा. दोन तासांतला दीड तास त्यातच जातो आणि नवख्या माणसाला त्या वेळी काय चालले आहे हे उमगत नाही. शिकवण्याची एकच हालचाल म्हणजे बाण्याला कमान देणे. धागा सरळ ओढून ठोकला की कडा आत येतात आणि कापड कंबरेसारखे बारीक होत जाते. तोच धागा डोंगरासारखा कमानीत ठेवून मग फणीने खाली ठोकला की ताण्याच्या वर-खाली जाण्यासाठी लागणारी जास्तीची लांबी त्याला मिळते आणि काठ सरळ राहतो. गोल चौकटीवर एकाच धाग्याने विणायचे असेल तर आऱ्यांची संख्या विषम ठेवावी, अन्यथा दुसऱ्या फेरीत धागा पुन्हा त्याच आऱ्यांवरून जातो आणि वीण बसतच नाही. एवढे दोन मुद्दे पक्के झाले तरी दोन तास सत्कारणी लागले असे मी समजते.

क्रोशासाठी मला आवडणारे उदाहरण मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या भगिनींनी २००५ साली सुरू केलेल्या क्रोशाच्या प्रवाळ-प्रकल्पाचे आहे. गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ साली अतिपरवलयी पृष्ठभाग (गणितातला, कडेकडे झालरीसारखा वळत जाणारा पृष्ठभाग) क्रोशाने करून दाखवला होता. त्याचा नियम एवढाच की ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहायचे. समजा, दर पाच मुक्या खांबांनंतर (मुका खांब म्हणजे क्रोशाचा आखूड टाका) एकाच टाक्यात दोन मुके खांब घातले, तर काही ओळींत कापड सपाट राहायचे नाकारते आणि झालरीसारखे वळू लागते. पाचाऐवजी तीन घेतले तर ते अधिक लवकर आणि अधिक दाट वळते. पुढे अनेक शहरांतल्या लोकांनी मिळून अशी स्थानिक प्रवाळे तयार केली. कार्यशाळेच्या दृष्टीने यात दोन गुण आहेत : नियम एका वाक्यात सांगता येतो, आणि मोजणीत चूक झाली तर तुकडा बिघडत नाही, वेगळा होतो. शिवाय तो कुठेही थांबवला तरी अपुरा दिसत नाही. आपल्या गटात क्रोशाकाम करणारे असतील तर मी आपल्या जागी असते तर याच पद्धतीपासून सुरुवात केली असती.

नमद्याच्या कार्यशाळेत दिसण्याजोगा बदल तासाभरात होतो, म्हणून मुलांसाठी ती उत्तम. कोमट पाणी, साबण आणि घर्षण यांनी लोकरीच्या केसावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तुकडा साधारण एक-तृतीयांशाने तरी आटतो. पण लोकर आधी स्वतः करून पाहावी, हा धडा मी फार लाजिरवाण्या रीतीने शिकले. एकदा विक्रेत्याने सांगितलेल्या शब्दावर विसंबून मोठी खरेदी केली आणि पंधरा मुले पाऊण तास घासत राहिली; लोकर ओली झाली, साबणाने माखली, पण जुळली मात्र नाही. ती यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर होती. अशा लोकरीचे खवले रसायनाने झिजवलेले किंवा लेपाखाली झाकलेले असतात, त्यामुळे ती कितीही घासली तरी नमदा होत नाही. चिमूटभर लोकर तळहातावर पाच मिनिटे चोळून पाहिली असती तर तो प्रसंग टळला असता.

रंगाईला मी मुख्य कार्यशाळा करत नाही. लोकरीला रंग धरावा म्हणून तिच्या कोरड्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटीत ती आधी सावकाश तापवावी लागते, कापसाच्या सुताला त्याआधी हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त पदार्थाचा हात द्यावा लागतो, आणि हे सगळे पाहुण्यांसमोर करणे कंटाळवाणे होते. प्रात्यक्षिक म्हणून नीळ मात्र अप्रतिम : कुंडातून पिवळसर हिरवे निघालेले सूत हवेत काही मिनिटांत निळे होते, आणि हा बदल पाहायला लोक पुन्हा पुन्हा येतात. हवेशीर जागा, हातमोजे आणि स्वयंपाकात पुन्हा कधीही न वापरायची भांडी, एवढी पथ्ये पाळावीत.

संख्येविषयी आपण विचारले नाही, पण वीस जणांना एकाने शिकवणे हे आपल्या मागच्या अपयशाचे मोठे कारण असावे. सुई किंवा टकळी प्रथमच हातात घेणाऱ्या सहा जणांमागे एक शिकवणारा असावा. आपण चौदा आहात, त्यामुळे विसांसाठी तीन-चार जण सहज उपलब्ध होतील. शिकवणाऱ्याने समोर बसू नये, शेजारी बसावे, म्हणजे दोघांचे हात एकाच दिशेने दिसतात. डावखुऱ्या माणसासाठी मात्र उजव्या हाताने काम करणाऱ्याने समोर बसावे. तेव्हा आरशातले प्रतिबिंब पाहावे तसे त्याला अचूक दिसते. आणि दुसऱ्याच्या हातातले काम आपल्या हातात घेऊ नये. त्याचे उदाहरण द्यायचे असेल तर आपल्याजवळ आपला वेगळा तुकडा ठेवावा.

आतापर्यंतचे एका वाक्यात : मोठी वस्तू नजरेसाठी, तिच्या टप्प्यांचे नमुने बोटांसाठी, आणि कार्यशाळेत त्याच टप्प्यांपैकी एक हालचाल. ज्या टेबलावर लोकांनी पेळू ओढून पाहिला, त्याच्याच पलीकडे कार्यशाळेची जागा असावी. म्हणजे एकातून दुसऱ्यात जाणे सहज होते.

आता परत न येण्याचा प्रश्न. हालचाल शिकवल्याचा अनपेक्षित फायदा असा झाला की लोक अपुरे काम घेऊन घरी जाऊ लागले. मी निघताना प्रत्येकाला त्याचा तुकडा, सुईवरचे टाके न काढता, पुढच्या आठवड्याभराला पुरेल एवढ्या धाग्यासह देते आणि गट पुन्हा कधी, कुठे बसणार आहे याची चिठ्ठी त्याच धाग्याला बांधते. टाके सुटले, पुढे काय करायचे ते विसरले, धागा संपला, अशा कारणांनी माणसे येतात. सगळी येत नाहीत. काहींना ते काम आवडत नाही आणि त्यात वावगे काही नाही. साहित्याचा खर्च घ्यावा की न घ्यावा हे आपण ठरवावे, परंतु सुया उसन्या द्याव्यात आणि परत आणायला सांगावे. उसनी सुई परत करायला आलेला माणूस बहुधा बसतो.

सगळ्यांनी मिळून एक वस्तू करावी असा विचार गटात निघाला, तर आधी माप आणि कडा ठरवाव्यात. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत जी प्रचंड गोधडी तयार झाली, तिचा प्रत्येक तुकडा ३ × ६ फुटांचा ठेवला होता आणि असे आठ तुकडे जोडून १२ फुटांचा एक चौरस होई. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ती प्रथम पसरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांचे काम जुळले ते मापामुळे. मापाच्या आत प्रत्येक जण पूर्ण मोकळा होता. आपण लहान प्रमाणात हेच करावे, आणि कडेचे दोन बोटे अंतर शिवणीसाठी मोकळे सोडायला सांगावे. ते न सांगितल्यामुळे मला एकदा लोकांचे भरतकाम शिवणीत दाबावे लागले होते आणि त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

शेवटचा मुद्दा चिठ्ठ्यांचा, म्हणजे वस्तूशेजारी काय लिहावे याचा. करणाऱ्याचे नाव, तंतू, पद्धत आणि ती कोणाकडून शिकली, एवढे असावे. नाव क्षुल्लक समजू नये. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या आणि लोक त्यांच्याकडे कला म्हणून पाहू लागले, पण त्या शिवणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे तेथे नव्हती. २००२ साली ॲलाबामातल्या गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनला भरून पुढे त्याच संग्रहालयात आले तेव्हा गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह मांडलेल्या होत्या. एखादी नक्षी दुसऱ्या समाजाकडून घेतली असेल तर तेही लिहावे. आणि ती त्यांच्या धार्मिक किंवा कौटुंबिक वापरातली असेल तर कार्यशाळेत शिकवण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारावे, आणि नकार आला तर ती सोडून द्यावी. किती तास लागले हा आकडा मी लिहीत नाही. गटात यावरून वाद होतो, परंतु माझा अनुभव असा आहे की तो आकडा वाचून लोकांच्या मनात कौतुकापेक्षा कीव अधिक येते, आणि ‘एवढा वेळ आपल्याकडे कुठे’ असे म्हणून ते कार्यशाळेच्या टेबलावरून पुढे निघून जातात.

प्रदर्शन उतरवताना प्रत्येक वस्तू उजेडात तपासावी, मोठी वस्त्रे घडी न घालता जाड नळीवर, चांगली बाजू बाहेर ठेवून गुंडाळावीत, आणि स्पर्शनमुने फेकू नयेत. आमच्याकडे पहिल्या वर्षीचा लोकरीच्या विणीचा एक नमुना आहे. तो आम्ही धुतलेला नाही. हजारो बोटांची ऊब, ओल आणि घर्षण लागून त्याचे टाके एका कोपऱ्यात दिसेनासे झाले आहेत आणि तेथे त्याचा नमदा झाला आहे. दर वर्षी त्याच सुताचा नवा नमुना त्याच्या शेजारी बांधतो, आणि लोकांचे हात आधी त्या जुन्याकडेच जातात.